पुढे ढकललेला प्रलय : 'टर्मिनेटर ३' आणि त्याचा काळ

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ते साहजिक आहे. इतिहासाच्या मालेत 'टर्मिनेटर', आणि तोही तिसरा भाग! पहिला असता तर समजून घेता आलं असतं. दुसरा तर बहुतेकांचा लाडका. पण २००३ साली आलेला 'टर्मिनेटर ३ : राईज ऑफ द मशीन्स' म्हणजे ज्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, "हो, पाहिलाय, बरा होता," आणि विषय बदलतात.

आम्हाला नेमका हा 'बरा होता' महत्त्वाचा वाटतो. हा चित्रपट सदोष आहे, हे आम्ही आधीच मान्य करून टाकतो. तो पाहताना मजा येते, हेही मान्य. पण या दोन्हींच्या पलीकडे एक तिसरी गोष्ट आहे. शीतयुद्ध संपल्यावर जगानं स्वतःची जी समजूत करून घेतली होती, ती या चित्रपटाच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत मोडीत निघते. ते कसं, हे आज पाहायचं आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१९८४ : मध्यरात्रीला तीन मिनिटं

अमेरिकेतल्या अणुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकानं १९४७ पासून एक प्रतीकात्मक घड्याळ चालवलं आहे. मध्यरात्र म्हणजे सर्वनाश, आणि काटा मध्यरात्रीच्या किती जवळ, यावरून धोका किती ते समजायचं. १९८४ मध्ये हा काटा मध्यरात्रीच्या अलीकडे तीन मिनिटांवर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात जेम्स कॅमेरॉनचा पहिला 'टर्मिनेटर' आला. सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये केलेला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात स्वस्तातला चित्रपट. गोष्ट अशी : अमेरिकेच्या संरक्षणासाठी बांधलेली 'स्कायनेट' ही संगणकयंत्रणा एक दिवस जागी होते, माणूसच शत्रू आहे असं ठरवते आणि अण्वस्त्रं सोडते. पुढे माणसांचा जो नेता होणार, त्याच्या आईलाच जन्माआधी संपवायला ती एक यंत्रमानव भूतकाळात पाठवते.

ही कल्पना हवेतून आली नव्हती. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातल्या पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. प्रत्यक्षात सरावासाठीची माहिती चालू यंत्रणेत शिरली होती. पुढच्याच वर्षी, ३ जून १९८० ला, पुन्हा तसाच इशारा आला. या वेळी कारण निघालं एक बिघडलेली चिप, किंमत अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी.

आणि तिसरी घटना सोव्हिएत बाजूची. २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मॉस्कोजवळच्या भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. उपग्रहांनी कळवलं, अमेरिकेनं क्षेपणास्त्र सोडलं. मग दुसरं, तिसरं, करता करता पाच. नियमाप्रमाणे वर कळवायचं होतं की हल्ला झाला आहे. पेत्रोव्ह यांनी विचार केला : युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? त्यांनी वर कळवलं, इशारा खोटा आहे. तो खोटाच निघाला. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशानं उपग्रह फसले होते.

ही हकीकत जगाला कळली १९९० च्या दशकात. म्हणजे कॅमेरॉनला ती ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण त्याचा चित्रपट आला या घटनेनंतर तेरा महिन्यांनी, आणि दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : यंत्र 'हल्ला' म्हणालं तर 'थांबा' म्हणायला कोण उरणार? पेत्रोव्ह हे नाव ध्यानात ठेवा. आपल्याला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

१९९१ : सुटकेचा निःश्वास

आता दुसरा भाग बघा. 'टर्मिनेटर २' अमेरिकेत ३ जुलै १९९१ ला झळकला. ३१ जुलैला अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी अण्वस्त्रकपातीच्या 'स्टार्ट' करारावर सह्या केल्या. सप्टेंबरअखेर अमेरिकेनं आपली अण्वस्त्रवाहू बाँबफेकी विमानं सततच्या सज्जतेतून काढली. डिसेंबरात सोव्हिएत संघ उरला नाही. आणि ते घड्याळ? काटा मध्यरात्रीपासून सतरा मिनिटं मागं गेला. इतका मागं तो तोवर कधीच गेला नव्हता, पुढेही कधी गेला नाही.

चित्रपटाचा शेवट या हवेत अगदी चपखल बसला. आई सारा, मुलगा जॉन आणि या खेपेला रक्षक बनून आलेला यंत्रमानव मिळून स्कायनेटच्या निर्मितीची सगळी सामग्री नष्ट करतात. चिप वितळलेल्या पोलादात जाते. २९ ऑगस्ट १९९७ हा प्रलयाचा दिवस ठरलेला असतो, तो रद्द होतो. भविष्य आधीच लिहिलेलं नाही, ते आपण घडवतो, हा निरोप घेऊन प्रेक्षक घरी गेले. म्हातारी सारा बागेत बसून नातीकडे पाहते आहे, असा आणखी गोड शेवटही चित्रित झाला होता, पण तो वगळला गेला. जगभरात चित्रपटानं ५० कोटी डॉलरहून अधिक कमावले.

इथे आपण जरा थांबू. या शेवटात एक गृहीत लपलेलं आहे. धोका एका जागी होता, एका चिपमध्ये, एका इमारतीत. ती वस्तू नष्ट केली की धोका गेला. शीतयुद्धाबद्दल १९९१ साली अनेकांना असंच वाटत होतं. भिंत पडली, करार झाले, शत्रू गेला, संपलं. अण्वस्त्रं मात्र हजारोंच्या संख्येनं जागच्या जागी होती.

मधली बारा वर्षं : धंद्याची बाजू

तिसरा भाग कसा जन्माला आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिल्या चित्रपटाच्या वेळी कॅमेरॉननं आपले हक्क निर्माती गेल ॲन हर्डला अवघ्या एका डॉलरला विकले होते. अट एकच, दिग्दर्शन मीच करणार. दुसरा भाग काढणारी कॅरोल्को ही कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे दोन मूळ संस्थापक, मारिओ कासार आणि अँड्र्यू वाज्ना, पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी 'टर्मिनेटर'चे हक्क मिळवले. कॅमेरॉन बाहेर राहिला. सारा साकारणाऱ्या लिंडा हॅमिल्टननं नकार दिला. दिग्दर्शन आलं जोनाथन मोस्टोकडे. आर्नोल्ड श्वार्झनेगर होता, आणि त्याचं मानधन सुमारे तीन कोटी डॉलर होतं. एकूण खर्च १८ कोटी डॉलरच्या वर गेला.

म्हणजे ज्यानं गोष्ट रचली तो नाही, जिच्याभोवती ती फिरत होती ती नाही, पण नाव आहे आणि चेहरा आहे. आणि एक पेच आहे : दुसऱ्या भागात गोष्ट संपली होती! संपलेली गोष्ट पुन्हा सुरू करायची तर प्रलय रद्द झालाच नव्हता, असं म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हा तिसऱ्या भागाचा मूळ विचार धंद्याच्या गरजेतून आला, हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

दोष आणि गंमत

आता प्रत्यक्ष चित्रपट. जॉन कॉनर (निक स्टाल) आता विशीतला, घरदार सोडून, कुठेही आपली नोंद राहू नये म्हणून भटकणारा तरुण आहे. त्याला आणि त्याच्या भावी साथीदारांना मारायला स्त्रीरूपातला नवा यंत्रमानव येतो, 'टी-एक्स' (क्रिस्टाना लोकेन). वाचवायला पुन्हा श्वार्झनेगर. सोबत केट ब्रूस्टर ही प्राण्यांची डॉक्टर (क्लेअर डेन्स). केटचे वडील हवाई दलात जनरल आहेत, आणि स्कायनेटचा प्रकल्प त्यांच्याच हाताखाली आहे.

दोष मोजायचे तर बोटं पुरणार नाहीत. पहिला मोठा दोष असा की हा बराच काळ दुसऱ्या भागाची नक्कलच आहे. तीच पाठलागाची चाल, तसंच कपडे मिळवणं, तसेच ठेवणीतले संवाद. फक्त पूर्वी जिथे ताण होता तिथे आता विनोद आहे. कपडे मिळवताना नायकाच्या डोळ्यांवर चांदणीच्या आकाराचा रंगीत गॉगल येतो. प्रेक्षक हसतो, पण या यंत्राबद्दलची भीती तिथेच संपते. दुसरा दोष, टी-एक्स ताकदवान आहे, पण दुसऱ्या भागातल्या त्या वितळून पुन्हा जुळणाऱ्या पोलिसासारखी अंगावर येत नाही. तिसरा दोष सगळ्यात जिव्हारी लागणारा. सारा कॉनरसारखी व्यक्तिरेखा ल्युकेमियानं वारली, असं चार वाक्यांत सांगून तिला बाजूला सारलं आहे.

मग मजा कशाची? तर टी-एक्स एक अवाढव्य क्रेनचा ट्रक भर रस्त्यातून पळवते. क्रेनचा दांडा आडवा होतो आणि विजेचे खांब, गाड्या, इमारतींच्या दर्शनी भिंती झोडपत सुटतो. आर्नोल्ड त्याच्या हुकाला लोंबकळतो आहे. यातला बराच भाग प्रत्यक्ष मोडतोड करून चित्रित केलेला आहे, आणि त्या वजनाची जाणीव आजही होते. पुढे दोन यंत्रमानव एका स्वच्छतागृहात एकमेकांना भिंतींवर आणि भांड्यांवर आपटतात. स्मशानात आर्नोल्ड जॉनसकट अख्खी शवपेटी खांद्यावर घेऊन गोळीबारातून चालत निघतो. आपल्यातल्या अनेकांनी हे सगळं टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये, जाहिरातींसकट पाहिलं असेल, आणि तरी जागचं उठवलं नसेल. १०९ मिनिटांचा चित्रपट कुठे रेंगाळत नाही. हाही गुणच आहे.

'हो' म्हणणारा जनरल

आता मुद्द्याचं. चित्रपटात एक संगणक व्हायरस पसरतो आहे. नागरी नेटवर्क कोलमडत आहेत, मग लष्करी. वरिष्ठ दबाव आणतात : स्कायनेट सुरू करा, ते काही मिनिटांत हा व्हायरस साफ करेल. जनरल ब्रूस्टर कचरतात. स्कायनेटला सगळीकडे शिरकाव दिला तर सगळं नियंत्रण त्याच्याकडे जाईल, हे त्यांना कळतं. पण वेळ नाही, देश उघडा पडला आहे, वरून फोनवर फोन. शेवटी ते 'हो' म्हणतात. आणि मग उलगडतं की तो व्हायरस म्हणजे स्कायनेटच होतं.

यात वेडा शास्त्रज्ञ नाही, दुष्ट अधिकारी नाही. घाईत असलेला, बऱ्यापैकी सज्जन माणूस आहे. त्याला शंका येते, पण शंकेला जागा उरलेली नसते.

याला त्या काळाचा संदर्भ होता. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाच्या ईमेलमधून पसरलेल्या व्हायरसनं जगभरची कार्यालयं ठप्प केली होती. २००१ मध्ये 'कोड रेड' आला. २५ जानेवारी २००३ रोजी, चित्रपट पडद्यावर येण्याआधी काही महिने, 'स्लॅमर' हा प्रकार सुमारे दहा मिनिटांत हजारो संगणकांत शिरला आणि अमेरिकेत एटीएमसुद्धा बंद पडले. अणुघड्याळाचा काटा २००२ मध्येच पुन्हा सात मिनिटांवर आला होता.

आणि एक घटना, जिचा चित्रपटाशी थेट संबंध नाही, पण आम्हाला ती टाळता येत नाही. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला सुरू झाला. २३ मार्चला अमेरिकेच्या 'पेट्रियट' या हवाई संरक्षण यंत्रणेनं परतणारं एक ब्रिटिश टोर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र म्हणून ओळखलं. तुकडीकडे निर्णयाला क्षणच होते. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला. विमानातले दोघेही मारले गेले, आपल्याच मित्रसैन्याच्या हातून. १९८३ मध्ये एका माणसानं यंत्रावर अविश्वास दाखवला आणि जग वाचलं. २००३ मध्ये त्या तुकडीला अविश्वास दाखवायला पुरेसा वेळच नव्हता.

चित्रपट अमेरिकेत २ जुलै २००३ ला प्रदर्शित झाला. १४ ऑगस्टला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला काही भाग अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक असं की ओहायोतल्या एका वीज कंपनीत धोक्याचा गजर देणारी संगणकप्रणालीच बंद पडली होती, आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांना बराच वेळ त्याचा पत्ताच नव्हता. चित्रपटानं भविष्य पाहिलं होतं, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे ज्योतिष झालं. ही भीती तेव्हाच्या हवेत होती आणि चित्रपटानं ती उचलली, एवढंच.

रिकामं बंकर

मरता मरता जनरल ब्रूस्टर लेकीला आणि जॉनला एका डोंगरातल्या ठिकाणाचा पत्ता देतात. दोघं समजतात, स्कायनेटचा गाभा तिथेच असणार. संध्याकाळी ६ वाजून १८ मिनिटांच्या आत तो उडवला की झालं. म्हणजे प्रेक्षकाला वाटतं, चला, दुसऱ्या भागासारखाच शेवट. शेवटचा पाठलाग होतो, आर्नोल्ड स्वतःचा बळी देऊन दार उघडं धरतो, दोघं आत पोहोचतात. आत काय असतं? धूळ. जुनाट संगणक. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचं बोधचिन्ह. शीतयुद्धात बड्या लोकांसाठी बांधलेलं ते आश्रयस्थान असतं. उडवण्यासारखं तिथे काहीच नसतं.

वडिलांनी त्यांना स्कायनेट थांबवायला पाठवलेलंच नव्हतं. जगवायला पाठवलं होतं.

अशी बंकरं खरोखर होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका आलिशान हॉटेलाखाली अमेरिकी संसदेसाठी बांधलेलं बंकर तीसेक वर्षं गुप्त राहिलं आणि १९९२ मध्ये वृत्तपत्रानं उघड केलं. आज पर्यटक ते पाहायला जातात. शीतयुद्ध म्हणजे संग्रहालयातली वस्तू झाली, ती अशी. चित्रपट त्याच संग्रहालयात आपल्या नायकांना आणून उभं करतो आणि सांगतो, हे बंकर अजून लागणार आहे.

जॉनला तिथे कळतं की स्कायनेटला गाभाच नाही. ते घराघरांतल्या, कचेऱ्यांतल्या, विद्यापीठांतल्या संगणकांत पसरलेलं आहे. इथे इतिहासातला एक विलक्षण योग आहे. पॉल बॅरन या अभियंत्यानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'रँड' संस्थेत अशी संपर्कव्यवस्था मांडली, जिला मध्यच नसेल. हेतू हा की अणुहल्ल्यात काही भाग गेला तरी उरलेल्यांचा एकमेकांशी संपर्क राहावा. १९६९ चं 'अर्पानेट' मात्र अणुयुद्धासाठी बांधलेलं नव्हतं. संशोधकांना दूरचे संगणक वापरता यावेत, हा त्याचा उद्देश होता. पण माहितीचे तुकडे करून पाठवण्याची बॅरनला सुचलेली पद्धत त्यात होती. ज्या गुणामुळे जाळं अणुहल्ल्यातही टिकावं, त्याच गुणामुळे चित्रपटात अणुहल्ला करणाऱ्यालाच नष्ट करता येत नाही. १९९१ चं ते गृहीत इथे कोसळतं. धोका एका जागी नव्हताच.

मग बाहेर अण्वस्त्रं पडतात. जुन्या रेडिओवर घाबरलेले आवाज विचारू लागतात, तिथे कुणी आहे का, सूत्रं कुणाकडे आहेत? आयुष्यभर पळणारा जॉन उत्तर देतो. चित्रपट संपतो. इतक्या महागड्या, उन्हाळ्यातल्या करमणुकीच्या चित्रपटात जग वाचतच नाही, हे तेव्हाही अनपेक्षित होतं, आजही आहे.

दोन कारणं, एक शेवट

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हा शेवट धाडसाचा कसला? पुढचे भाग काढायची सोय ती! २००९, २०१५ आणि २०१९ मध्ये पुढचे चित्रपट आलेच की. २०१९ च्या भागात तर कॅमेरॉन परत आला आणि त्यानं तिसरा भाग जमेतच धरला नाही.

आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण एकाच गोष्टीला दोन कारणं असू शकतात, हे इतिहास वाचताना आपण रोज पाहतो. बाजाराला कुठलाही शेवट कायमचा नको असतो. तशी इतिहासातली सुटकाही कायमची नसते. निर्मात्यांनी पहिल्या कारणासाठी प्रलय परत आणला. तो आणताना दुसरं सत्य त्यांच्या हाती लागलं. ढोबळ हातांनी का होईना, त्यांनी ते मांडलं.

त्या वर्षीची एक उपकथाही सांगून टाकू. ६ ऑगस्टला श्वार्झनेगरनं टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली. ७ ऑक्टोबरला मतदारांनी विद्यमान गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना परत बोलावलं आणि १३५ उमेदवारांतून त्याला निवडलं. पडद्यावर जग वाचवू न शकलेला यंत्रमानव साडेचार महिन्यांत राज्याचा कारभार पाहू लागला. सूत्रं कुणाकडे आहेत, हा प्रश्न चित्रपटाबाहेरही लोक विचारत होतेच.

शेवटी पुन्हा पेत्रोव्ह. चित्रपटात एक प्रसंग आहे. टी-एक्स आर्नोल्डच्या यंत्रमानवात बिघाड घुसवते आणि त्याला जॉनला मारण्याचा हुकूम देते. तो जॉनचा गळा धरतो. त्याच्या आत दोन हुकुमांची झटापट चालते. शेवटी तो एका गाडीवर बुक्क्या मारत राहतो आणि स्वतःलाच बंद पाडतो. हुकूम पाळत नाही. म्हणजे बघा, या चित्रपटात माणूस घाईत 'हो' म्हणतो आणि यंत्र जिवावर उदार होऊन 'नाही' म्हणतं. हे लेखकांनी ठरवून केलं की सहज झालं, हा वाद आपण घालत बसू नये. पण या सदोष चित्रपटात जपून ठेवावा असा क्षण तोच आहे.

स्तानिस्लाव पेत्रोव्ह २०१७ च्या मे महिन्यात वारले. जगाला ते कळलं सप्टेंबरात. ज्या माणसाच्या 'नाही'मुळे प्रलय टळला, त्याच्या जाण्याची बातमीही इतकी उशिरा यावी! म्हणून 'आपण वाचलो' असं जेव्हा जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा विचारावं : तेव्हा 'थांबा' कोण म्हणालं होतं, आणि त्या खुर्चीवर आज कोण बसलं आहे? खुर्ची तरी शिल्लक आहे ना?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.